एकच कर्ज, थकबाकी दोनदा
वाचकांचे प्रश्न : क्रेडिट रिपोर्टमधल्या दुबार नोंदी

कर्ज एकच घेतलं, थकलंही एकदाच, पण रिपोर्टमध्ये ते दोन ठिकाणी थकलेलं दिसतं, अशी तक्रार बऱ्याच पत्रांत असते. म्हणून या वेळचं सदर आम्ही तेवढ्याच विषयाला दिलं आहे.

उत्तरांकडे वळण्याआधी एक गोष्ट. ‘सिबिल’ हा शब्द आपण क्रेडिट रिपोर्टसाठी, म्हणजे आपल्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदींसाठी, सरसकट वापरतो, पण हे रिपोर्ट बनवणाऱ्या क्रेडिट माहिती कंपन्या देशात चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. बँका आणि एनबीएफसी (बँक नसलेल्या, कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्या) चौघींकडेही माहिती पाठवतात. त्यामुळे दुबार नोंद एकीकडे असेल आणि बाकी तिघींकडे नसेल, असंही होतं. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तक्रार लिहायला बसण्याआधी चारही रिपोर्ट काढून समोर ठेवा. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

प्रश्न : २०१८ मध्ये बँकेकडून २,८०,००० रुपयांचं वैयक्तिक कर्ज घेतलं होतं. नोकरी गेल्यावर हप्ते थकले. २०२३ मध्ये बँकेने ते कर्ज एका एआरसीला विकल्याचं पत्र आलं. आता रिपोर्टमध्ये बँकेच्या नावाने ‘राइट-ऑफ’ (बुडीत धरलेलं), बाकी १,९४,००० रुपये, आणि एआरसीच्या नावाने वेगळ्या खाते क्रमांकावर बाकी २,४१,००० रुपये, अशा दोन नोंदी आहेत. गृहकर्जाच्या अर्जावर अधिकारी म्हणाले, “तुमची ४,३५,००० ची थकबाकी आहे.” कुणाचे पैसे भरायचे आणि एक नोंद काढायची कशी?

तुमचं देणं एकच आहे. एआरसी, म्हणजे मालमत्ता पुनर्रचना कंपनी, बँकांची थकलेली कर्जं विकत घेते. कर्ज विकलं की वसुलीचा हक्क तिच्याकडे जातो आणि बँकेचा संपतो. म्हणजे दोन्ही आकड्यांची बेरीज करणं चूकच. पण रिपोर्ट वाचणाऱ्या अधिकाऱ्यासमोर दोन ओळी आणि दोन आकडे असतात. पलीकडची पत्रं त्याने पाहिलेली नसतात.

तुमच्या बाबतीत मात्र ‘एक नोंद पूर्ण काढा’ अशी मागणी करू नका. कर्ज विकल्यावर दोन ओळी राहणं नियमाला धरूनच आहे. बँकेच्या ओळीत ‘खातं विकलं’ किंवा ‘राइट-ऑफ करून विकलं’ अशी स्थिती हवी आणि चालू बाकी व थकीत रक्कम दोन्ही शून्य हवी. एआरसीच्या ओळीत ‘खातं विकत घेतलं’ असं लिहिलेलं हवं आणि बाकी तिथेच दिसायला हवी. बँकेने विक्री नोंदवलीच नाही आणि आपला जुना आकडा तसाच ठेवला, हा तुमच्याकडचा दोष आहे. संपूर्ण ओळ वगळायची मागणी केलीत तर बँक “कर्ज आम्हीच दिलं होतं, नोंद बरोबर आहे” असं उत्तर देऊन हात झटकते, आणि तांत्रिकदृष्ट्या ती खोटं बोलत नसते. चुकीची मागणी केल्यामुळे खरी तक्रार फेटाळली जाते. महिना वाया जातो तो इथेच.

कागद गोळा करा : कर्ज मंजुरीचं पत्र, कर्ज विकल्याचं पत्र, आणि रिपोर्टची दोन्ही ओळी असलेली पानं. विकल्याच्या पत्रात जुना खाते क्रमांक आणि विक्रीची तारीख आहे ना, ते आधी बघा. पुष्कळ पत्रांत फक्त एआरसीचा नवा क्रमांक असतो आणि मग हे तेच कर्ज आहे हे सिद्ध करता येत नाही. तसं असेल तर एआरसीला ईमेल करून ‘जुना क्रमांक अमुक, नवा क्रमांक तमुक, खरेदीची तारीख ही’ असं एका ओळीचं लेखी उत्तर मागून घ्या.

मग दोन ठिकाणी एकाच दिवशी तक्रार करा. क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर लॉग-इन करून डिस्प्यूट, म्हणजे नोंदीवरची हरकत, टाका. त्यात बँकेची ओळ निवडून ‘चालू बाकी’, ‘थकीत रक्कम’ आणि ‘खात्याची स्थिती’ या तीन रकान्यांवर हरकत घ्या. एआरसीच्या ओळीला हात लावू नका. त्याच दिवशी बँकेच्या तक्रार विभागाला आणि नोडल अधिकाऱ्याला (तक्रारींसाठी नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला) कागदांसह ईमेल पाठवा. डिस्प्यूटच्या फॉर्ममध्ये कागद जोडायला जागा नसेल तर हा ईमेलच तुमचा पुरावा. क्रेडिट कंपनी स्वतःहून आकडा बदलत नाही. ती बँकेला विचारते आणि बँकेने दुजोरा दिल्यावरच नोंद बदलते. बँकेत ज्याच्या टेबलावर हा प्रश्न येतो त्याच्यासमोर तुमचे कागद त्याच वेळी असले, तर काम एका फेरीत होतं.

पैसे कुणाला, याचं उत्तर : एआरसीला. पण ओळ दुरुस्त होईपर्यंत घाई नको. भरताना रोख किंवा वसुली एजंटच्या खात्यात भरू नका. एआरसीच्या लेटरहेडवरच्या पत्रात दिलेल्या खात्यातच भरा. तडजोड करत असाल तर त्या पत्रात दोन्ही खाते क्रमांक लिहून घ्या. आणि एक लक्षात असू द्या : तडजोडीने भागलेलं खातं ‘सेटल्ड’ म्हणून दिसतं, पूर्ण भरलेलं ‘बंद’ म्हणून. गृहकर्ज देणारे या दोन शब्दांत मोठा फरक करतात. पूर्ण रक्कम भरण्याची ऐपत असेल आणि घराचं कर्ज हवंच असेल, तर व्याजात सूट मागा, पण मुद्दलात मागू नका. आणि ते खातं ‘बंद’ म्हणून कळवलं जाईल, हे पैसे देण्याआधी त्यांच्याकडून लेखी घ्या.

प्रश्न : माझ्या बँकेचं दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालं आणि वाहनकर्जाचा खाते क्रमांक बदलला. कर्ज मी पूर्ण फेडलं, नो ड्यूज (देणं उरलं नसल्याचं पत्र) आहे. नव्या क्रमांकाची नोंद ‘बंद’ दिसते. पण जुन्या क्रमांकाची नोंद अजून चालू आहे आणि तिच्यात १८,६४० रुपये थकीत आहेत. बँकेत विचारलं तर म्हणतात, जुना नंबर आमच्या सिस्टिममध्येच नाही.

ही अस्सल दुबार नोंद. इथे मागणी वेगळी करायची.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे बँकेत काय बोलायचं ते कळेल. गेल्या काही वर्षांत मोठी विलीनीकरणं झाली. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँक बडोदा बँकेत गेल्या. १ एप्रिल २०२० ला ओरिएंटल आणि युनायटेड या पंजाब नॅशनलमध्ये, सिंडिकेट कॅनरामध्ये, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत गेली. एका सिस्टिममधून दुसऱ्या सिस्टिममध्ये खाती नेताना क्रमांक बदलू शकतात. बँक क्रेडिट कंपन्यांना जी फाइल पाठवते तिच्यात ‘जुना खाते क्रमांक’ लिहायला वेगळा रकाना असतो. नंबर बदलला त्या महिन्यात तो भरला, तर कंपनीकडे जुनी ओळच नव्या नंबराने पुढे चालू राहते. तो रिकामा राहिला, की संगणकाला वाटतं नवं कर्ज आलं. नवी ओळ तयार होते आणि जुनी ओळ शेवटच्या दिवशी जशी होती तशीच गोठून राहते.

गोठलेली ओळ ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्येक खात्यात ‘माहिती कळवल्याची तारीख’ असते. चालू खात्यात ती अलीकडची असते. तुमच्या जुन्या ओळीत ती विलीनीकरणाच्या सुमारास थांबलेली असेल. पुढे कर्ज दिल्याची तारीख आणि मंजूर रक्कम दोन्ही ओळींत ताडून पाहा. त्या दोन्ही तंतोतंत जुळल्या, कर्जाचा प्रकार तोच असला आणि खाते क्रमांक तेवढा वेगळा असला, तर तुमची बाजू भक्कम आहे. त्याखाली ३६ महिन्यांपर्यंतचा हप्त्यांचा तक्ता असतो. एका ओळीचा तक्ता जिथे संपतो तिथूनच दुसरीचा सुरू होतो का, तेही बघा. होत असेल तर ते एकाच कर्जाचे दोन तुकडे आहेत, याहून मोठा पुरावा नाही.

शाखेतला माणूस “सिस्टिममध्ये नाही” म्हणतो ते खरंच असतं. त्याच्या पडद्यावर जुना नंबर उघडत नाही. हे काम शाखेचं नाही, मुख्य कार्यालयातल्या क्रेडिट माहिती पाठवणाऱ्या विभागाचं आहे. म्हणून शाखेत खेटे घालू नका, नोडल अधिकाऱ्याला लिहा. मजकूर साधारण असा :

“माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये आपल्या बँकेच्या दोन नोंदी आहेत. पहिल्या खात्याचे शेवटचे चार अंक ४४१७, दुसऱ्याचे ९०२३. दोन्हींत कर्ज दिल्याची तारीख १२ जून २०१७ आणि मंजूर रक्कम ३,५०,००० रुपये अशीच आहे. हे कर्ज एकच असून विलीनीकरणानंतर क्रमांक बदलला आहे. कर्ज पूर्ण फेडलं असून नो ड्यूज सोबत जोडलं आहे. ४४१७ ही दुबार नोंद रिपोर्टमधून वगळावी. ती ‘बंद’ म्हणून दाखवू नये. ९०२३ ही नोंद आहे तशी ठेवावी. दुरुस्ती चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडे पाठवावी आणि पाठवल्याची तारीख मला कळवावी.”

त्याखाली रिपोर्टचा कंट्रोल नंबर आणि रिपोर्टची तारीख लिहा. कंट्रोल नंबर रिपोर्टच्या पहिल्याच पानावर असतो आणि त्यावरून कोणता रिपोर्ट म्हणताय ते त्यांना सापडतं. पॅन द्या, पण आधारची प्रत मागितल्याशिवाय पाठवू नका.

‘बंद नको, वगळा’ हा आमचा आग्रह का, ते सांगतो. बँकेला सगळ्यात सोपं काम म्हणजे जुन्या ओळीत बाकी शून्य टाकून ती बंद करणं. तुम्हालाही वाटतं, झालं काम. पण त्या ओळीचा हप्त्यांचा तक्ता तसाच राहतो, आणि त्यात उशिराचे जे दिवस साठले आहेत तेही राहतात. पुढचा कर्ज देणारा ते वाचतो आणि म्हणतो, “दोन गाड्यांची कर्जं, दोन्ही थकवली होती.” न घेतलेल्या कर्जाचा थकीत इतिहास तुमच्या नावावर चिकटतो तो असा.

दुसरी चूक म्हणजे दोन्ही ओळींवर एकदम डिस्प्यूट टाकणं. मग तपासणाऱ्याला कळत नाही कुठली खरी. तो दोन्ही ‘बरोबर’ ठरवून मोकळा होतो, किंवा नशीब वाईट असेल तर फेडलेल्या कर्जाची चांगली ओळच काढून टाकतो. हरकत फक्त मेलेल्या ओळीवर घ्या.

प्रश्न : मोबाइल अॅपवरून ५०,००० रुपये घेतले. रिपोर्टमध्ये एक बँक आणि एक एनबीएफसी अशा दोन नोंदी आल्या. शिवाय ‘आता घ्या, नंतर द्या’ प्रकारच्या खात्याच्या सात-आठ ओळी आहेत. या सगळ्या दुबार धरायच्या का?

बहुतेक नाही. आधी मंजूर रकमा बघा. बँक आणि एनबीएफसी मिळून कर्ज देतात तेव्हा प्रत्येक जण आपापला वाटा कळवतो. एका ओळीत ४०,००० आणि दुसरीत १०,००० असेल, बेरीज ५०,००० होत असेल, तर दोन्ही नोंदी बरोबर आहेत. दोन्हींत पूर्ण ५०,००० असतील तरच हरकत घ्या. अॅपचं नाव रिपोर्टमध्ये सहसा नसतं, त्याच्यामागच्या कर्ज देणाऱ्या संस्थेचं असतं. ते नाव ओळखीचं नाही म्हणून ‘हे कर्ज माझं नाही’ अशी हरकत घेऊ नका. कर्जाच्या करारात ते नाव असतं, तिथे शोधा.

‘नंतर द्या’ खात्यात काही संस्था प्रत्येक खरेदी किंवा प्रत्येक महिन्याची उचल वेगळं कर्ज म्हणून कळवतात. रकमा आणि तारखा वेगवेगळ्या असतील तर त्या दुबार नाहीत. दिसायला वाईट दिसतात, आणि त्यातली २०० रुपयांची विसरलेली थकबाकीही नोंदली जाते, हे मात्र खरं. ती फेडून टाका आणि खातं बंद केल्याचं लेखी घ्या.

तसंच संयुक्त कर्ज नवरा-बायको दोघांच्याही रिपोर्टमध्ये दिसणारच. जामीनदाराच्या रिपोर्टमध्येही दिसतं. जुन्या कर्जावर घेतलेलं टॉप-अप हे स्वतंत्र कर्ज आहे. हे सगळं एकेका माणसाच्या रिपोर्टमध्ये एकेकदाच असेल तर तक्रारीला जागा नाही. एकाच माणसाच्या रिपोर्टमध्ये तेच कर्ज एकदा ‘संयुक्त’ आणि एकदा ‘वैयक्तिक’ म्हणून आलं असेल, तर ती दुबार नोंद आहे.

प्रश्न : क्रेडिट कार्ड हरवलं, नवं मिळालं. जुन्या कार्डाची नोंद थकीत दिसते.

कार्ड बदललं की त्यावरचा नंबर बदलतो, खातं तेच राहतं. जुन्या कार्डावरची शिल्लक नव्यावर वर्ग केल्याचं स्टेटमेंट काढा. कार्ड बदलल्यानंतरच्या पहिल्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये ती रक्कम नव्या कार्डावर आलेली दिसायला हवी. तेवढं एक पान पुरतं. मागणी दुसऱ्या उत्तरातलीच : जुनी ओळ वगळा. मात्र जुन्या कार्डावर चोराने खरेदी केली असेल आणि ती रक्कम वादात असेल, तर तो वेगळा प्रश्न आहे. आधी बँकेकडे त्या व्यवहाराची तक्रार निकाली काढा, नाहीतर दोन्ही तक्रारी एकमेकींत अडकतात.

प्रश्न : डिस्प्यूट टाकला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं : “कर्ज देणाऱ्या संस्थेने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे.” पुढे काय? उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये मिळतात, असं ऐकलं. ते कसे?

आधी उत्तर नीट वाचा. ‘बरोबर आहे’ एवढंच लिहून भागत नाही. दुरुस्ती नाकारली तर कारण कळवायचं बंधन रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये घातलं आहे. कारण दिलं नसेल तर तेवढ्याच मुद्द्यावर कर्ज देणाऱ्या संस्थेला पुन्हा लिहा. त्यात तीन सरळ प्रश्न विचारा : या दोन खात्यांचे दोन वेगळे करार आहेत का? दोन वेळा पैसे दिल्याच्या तारखा कोणत्या? ते पैसे माझ्या कोणत्या खात्यात जमा झाले? दुबार नोंद असेल तर दुसरा करारच नसतो आणि दुसरी जमाही नसते. “नोंद बरोबर आहे” म्हणणाऱ्याला हे दाखवता येत नाही. तुम्ही तुमच्या बँकेचं त्या काळातलं स्टेटमेंट जोडा, ज्यात कर्जाची रक्कम एकदाच जमा झालेली दिसते. आमच्या मते या वादातला सगळ्यात वजनदार कागद हाच, आणि लोक नेमका तोच जोडत नाहीत.

आता १०० रुपयांचा हिशोब. तक्रार प्रथम नोंदवल्याच्या दिवसापासून ३० दिवसांत, सुट्ट्या धरून, ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. समजा तक्रार ३ मार्चला केली. ३० दिवस २ एप्रिलला भरले. नोंद दुरुस्त झाली १२ मे रोजी. ३ एप्रिल ते १२ मे हे ४० दिवस होतात, म्हणजे ४,००० रुपये. देणार कोण, तेही ठरलेलं आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेने दुरुस्त माहिती २१ दिवसांत, म्हणजे इथे २४ मार्चपर्यंत, क्रेडिट कंपनीला पाठवली नसेल तर भरपाई तिच्याकडे. तिने वेळेत पाठवूनही कंपनीने ३० दिवसांत काम केलं नाही, तर भरपाई कंपनीकडे. तक्रार निकाली निघाल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत रक्कम जमा व्हायला हवी. त्यासाठी तक्रारीच्या फॉर्ममध्ये बँक खातं किंवा यूपीआय आयडी अचूक भरा. तो रकाना रिकामा किंवा चुकीचा असेल तर पुढची अडचण तुमच्या माथी येते.

दोन गोष्टींना ही भरपाई नाही. स्कोअर कमी का दिला, ही तक्रार यात बसत नाही. आणि प्रकरण ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात चालू असेल तरीही नाही. म्हणून ग्राहक आयोगात जायचं असेल तर ते शेवटी ठेवा.

‘प्रथम नोंदवल्याचा दिवस’ हे शब्द जपा. पहिल्या डिस्प्यूटचा क्रमांक आणि पोचपावतीचा स्क्रीनशॉट सांभाळून ठेवा. पुष्कळदा तक्रार ‘बंद’ करून पुन्हा नवी टाकायला सांगतात आणि दिवस नव्याने मोजायला लागतात. नवी टाकावीच लागली तर तिच्यात पहिल्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख लिहा.

३० दिवसांत उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. एकात्मिक लोकपाल योजना २०२१ पासून आहे आणि १ सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही तिच्यात आहेत. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन करता येते, फी नाही, वकील लागत नाही. मुख्य अट ही : आधी संस्थेकडे लेखी तक्रार केलेली हवी. थेट लोकपालाकडे गेलात तर ती परत येते. तक्रारीत कर्ज देणारी संस्था आणि क्रेडिट कंपनी दोघींची नावं द्या, दोन्ही ओळींतले जुळणारे रकाने एका पानावर शेजारी शेजारी मांडा, आणि मागणी दोन वाक्यांत लिहा : अमुक नोंद वगळावी, उशिराच्या इतक्या दिवसांची इतकी भरपाई द्यावी. बँकेचा माणूस कसा बोलला, शाखेत किती वेळ बसवून ठेवलं, हे मनाला लागलेलं असतं आणि आम्हाला ते समजतं, पण त्या पानावर ते नको. वाचणाऱ्याला दोन मिनिटांत नोंद दुबार असल्याचं दिसायला हवं.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर हा रस्ता नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. त्यांच्याविरुद्धची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करायची.

प्रश्न : एक एजंट १५,००० रुपयांत महिन्याभरात ‘सिबिल क्लीन’ करून देतो म्हणतो. द्यावेत का?

नाही. तो तुमच्या लॉग-इनमधून हाच डिस्प्यूट टाकतो, जो तुम्हाला फुकट टाकता येतो. बरेचदा तो सगळ्याच थकीत नोंदींवर ‘हे कर्ज माझं नाही’ अशी सरसकट हरकत घेतो. खऱ्या कर्जावर खोटी हरकत फेटाळली जाते आणि त्याच ओघात दुबार नोंदीची खरी तक्रारही. शिवाय पॅन, जन्मतारीख आणि ओटीपी परक्या माणसाच्या हाती जातात. त्यांचा गैरवापर करून तुमच्या नावाने नवं कर्ज काढलं जाण्याचा धोका असतो.

प्रश्न : सात वर्षं झाली की नोंद आपोआप जाते ना? मग थांबू का?

क्रेडिट माहिती कंपन्यांनी माहिती ‘किमान’ सात वर्षं ठेवावी, असा नियम आहे. सात वर्षांनी पुसलीच पाहिजे, असा नाही. दुबार नोंदीसाठी थांबण्यात काहीच अर्थ नाही.

प्रश्न : दुबार नोंद निघाली होती. दोन महिन्यांनी रिपोर्ट काढला तर तीच नोंद परत आली आहे!

बँकेने दुरुस्ती फक्त क्रेडिट कंपनीकडे केली, स्वतःच्या यादीत केली नाही. कर्ज देणाऱ्या संस्थांनी माहिती किमान पंधरवड्यातून एकदा पाठवायची, असा नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. बँकेच्या मूळ यादीत ते मेलेलं खातं शिल्लक असेल, तर पुढच्या फाइलबरोबर ते पुन्हा कंपनीकडे पोचतं आणि ओळ नव्याने उगवते. कंपनीला त्यात वावगं दिसत नाही, कारण तिच्यासाठी ती बँकेने पाठवलेली ताजी माहिती असते.

यावर पुन्हा साधा डिस्प्यूट टाकलात तर तेच चक्र फिरत राहील. या वेळी बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला लिहा आणि आधीच्या दुरुस्तीचा ईमेल जोडा. मागणी अशी ठेवा : “खाते क्रमांक अमुक हा आपल्या क्रेडिट माहितीच्या मूळ यादीतूनच काढावा, जेणेकरून पुढच्या फाइलमध्ये तो जाणार नाही, आणि तसं केल्याचं लेखी कळवावं.” पहिली दुरुस्ती झाली होती म्हणजे नोंद चुकीची असल्याचं बँकेने एकदा मान्य केलेलं आहे. लोकपालाकडे जावं लागलं तर तो ईमेल तुमच्या बाजूने बोलतो.

दुरुस्ती झाल्याचा निरोप आला की दोनदा तपासा : एकदा आठवड्याभरात, आणि दुसऱ्यांदा साधारण ४५ दिवसांनी, म्हणजे मधे निदान दोन फाइली जाऊन गेलेल्या असतील. दुसऱ्या तपासणीपर्यंत नव्या कर्जाचा अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते, आणि अर्ज नाकारला गेला तरी ती चौकशी मागे राहते. तोवर अर्ज करणं भागच असेल तर एकाच ठिकाणी करा, आणि दुरुस्तीचा ईमेल व नोंद वगळल्यानंतरचा रिपोर्ट अर्जासोबत आधीच द्या, अधिकाऱ्याने विचारण्याची वाट न पाहता.